खाऱ्या पाण्यात डास होत नाहीत

छिएनचन बंदरामागच्या त्या गल्लीत सगळ्यांनी तळमजल्यावर स्कूटर ठेवल्या होत्या, हुंग श्यू-लुआनने समुद्र ठेवला होता. चार मीटर लांबीचा काचेचा हौद, त्याखालच्या कपाटात दुसरी टाकी, सगळं मिळून साडेचार हजार लिटर खारं पाणी आणि त्यात एकोणीस वर्षं वाढवलेली प्रवाळं. आणली तेव्हा बोटाच्या पेराएवढी होती. आता त्यातलं एक जांभळं प्रवाळ परातीएवढं पसरलं होतं आणि त्याच्या सावलीत मासे पोरांसारखे पकडापकडी खेळत. गल्लीतली माणसं म्हणायची, लुआनने लग्न केलं नाही असं कोण म्हणतं? समुद्राशी केलंय, आणि सासरसुद्धा घरातच आणून ठेवलंय.

लुआनला त्याचं काही वाटत नसे. तिचं वय सत्तावन्न. सव्वीस वर्षं तिने गोठवलेल्या माशांच्या कारखान्यात माल तपासायचं काम केलं होतं, त्यामुळे जे बरोबर आहे ते तिला दिसायचंच नाही, चुकलेलं तेवढं दिसायचं. सकाळी उठली की आधी हौदाचं तापमान, मग पाण्याचा खारेपणा, मग काचेवरचं शेवाळ, आणि हे सगळं झाल्यावर स्वतःचं सोयाबीनचं दूध. रोज चाळीस लिटर पाणी हवेत उडून जाई. मीठ मात्र उडत नाही, ते मागे राहतं. म्हणून तेवढंच गाळलेलं गोडं पाणी रोज परत घालायचं. एक दिवस चुकवून चालत नसे. घरच्या लग्नालासुद्धा ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत आली होती, आणि त्यावरून तिच्या धाकट्या भावजयीने आजतागायत अबोला धरला होता.

त्या वर्षी ऑक्टोबर लागला तरी ऊन काही हटेना, आणि शेजारचे ओऊ काका डेंग्यूने आजारी पडले. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर जाळी विणलेला माणूस. दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी डासाचं चित्र असलेला कागद लागला: गुरुवारी सकाळी आठ वाजता सर्व घरांत, सर्व मजल्यांवर औषध फवारणी, घर उघडून द्यावे, माणसांनी तासभर बाहेर थांबावे.

लुआनने तो कागद दोनदा वाचला. डास मारणारं ते औषध माणसाला फारसं काही करत नाही, पण पाण्यात उतरलं तर आधी झिंगे-खेकडे मारतं, मग मासे, मग प्रवाळ. एका सकाळीत एकोणीस वर्षं.

ती तडक वस्तीप्रमुख थू यांच्याकडे गेली. थू प्रमुख म्हणजे गल्लीतल्या भांडणांपासून पत्रिकांपर्यंत सगळ्यात नाक खुपसणारा आणि बऱ्याचदा उपयोगी पडणारा म्हातारा. चहाच्या इवल्या किटलीवरून मान वर न करता तो म्हणाला, "सरकारी हुकूम आहे, लुआन. मी काय करू?"

"खाऱ्या पाण्यात डास होत नाहीत, प्रमुख. हा डास गोड्या पाण्यात अंडी घालतो. माझ्या तळमजल्यावर फवारून काय मिळणार?"

"तुझं पाणी खारं आहे हे मी वर कसं सांगू?"

"चला."

तिने त्याला हाताला धरून घरी आणलं, हौदात बोट बुडवायला लावलं आणि म्हणाली, "चाखा."

थूने बोट जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि खिडकीतून थुंकला. "बाप रे! यात डास काय, सैतानसुद्धा जन्माला यायचा नाही."

त्याने दोन फोन केले. संध्याकाळपर्यंत ठरलं: लुआनच्या वरच्या तीन मजल्यांवर फवारणी होईल, तळमजला नुसता डोळ्यांनी तपासला जाईल. लुआन खूश झाली. गल्लीत मात्र ही बातमी वाऱ्यासारखी पसरली, आणि ओऊ काकूच्या कानावर पडायला कितीसा वेळ लागणार? काकू दवाखान्यातून डबा घेऊन परतत होती. लुआनच्या दारासमोर थांबून ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या घरात माणूस मरणाला टेकलाय, आणि हिच्या घरात मासे नाजूक! अगं, रात्रंदिवस त्या मोटारींची घरघर भिंतीतून ऐकतो आम्ही. तुझ्या त्या डबक्यानेच डास आणले असतील!"

"काकू, खाऱ्या पाण्यात..."

"माहितीये! सगळ्या गल्लीला पाठ झालंय तुझं खारं पाणी!"

लुआनने दार लावून घेतलं. तिला वाईट वाटलं, पण रागही आला. आपलं बरोबर आहे हे तिला ठाऊक होतं, आणि ज्याचं बरोबर आहे त्याने खाली मान का घालावी?

बुधवारी सकाळी तिला त्याचं उत्तर मिळालं.

मागच्या पडवीत गोड्या पाण्याची दोन निळी पिंपं होती. जुलैत तिने नवं गाळणयंत्र बसवलं तेव्हापासून एकच पिंप वापरात होतं. दुसरं तिने भरूनच ठेवलं होतं. वादळात वीज जाते, नळ बंद होतो, तेव्हा भरलेलं पिंप देवासारखं धावून येतं. हौद पाळणारा कुणीही पाणी असं ओतून टाकत नाही. त्याचं झाकण मागच्या वादळात फुटलं होतं. वर एक फळी टाकून, जुन्या नळीसाठी फट ठेवून ती ते पिंप पार विसरून गेली होती. आज घरातल्या सगळ्या वस्तू झाकायच्या म्हणून तिने फळी उचलली, आत विजेरी मारली, आणि पाण्यात काळे स्वल्पविराम वळवळताना दिसले.

आख्ख्या गल्लीतलं सर्वांत स्वच्छ पाणी तिच्याकडे होतं, आणि या डासाला स्वच्छच पाणी लागतं. हौदातल्या पाण्याचा कण न् कण मोजणाऱ्या बाईने दहा पावलांवरच्या पिंपात तीन महिने डोकावलं नव्हतं.

पिंप आडवं करायला अर्धा मिनिट लागला असता. मोरी तिथेच होती. पाणी वाहून गेलं असतं, कुणाला काही कळलं नसतं, आणि तळमजला सुटला होताच. तिने पिंपाच्या कडेला हातही लावला. मग काय मनात आलं कोण जाणे, ती आत गेली आणि हौदाच्या मागच्या अंधाऱ्या, दमट फटीत विजेरी मारली. काळ्या लाकडावर डास बसले होते. पायांवर पांढरे पट्टे, अगदी कागदावरच्या चित्रात होते तसेच. पाणी ओतलं असतं तर अळ्या मेल्या असत्या; पण जे उडून गेले होते ते कुठल्या मोरीत ओतणार? आणि ते बसले होते नेमके त्याच खोलीत, जी तिने प्रमुखाला मीठ चाटवून वाचवली होती.

लुआन हौदासमोरच्या स्टुलावर बसली आणि रडली. मग उठली, तोंड धुतलं, बाटलीत पिंपातलं थोडं पाणी घेतलं आणि निघाली.

थू प्रमुखाने बाटली उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, ओतून टाकायचं ना! मला कशाला आणून दाखवतेस? मी काय लोणचं घालू यांचं?"

"तळमजला लिहा, प्रमुख. आणि पहिलं घर माझं."

"दोन-दोन फोन केलेत मी! तोंड कुठे लपवू आता?"

"माझ्यामागे लपवा. मी सांगते त्यांना."

"आणि तुझे मासे?"

"ते माझं मी बघते."

बघते म्हणणं सोपं होतं. हातात होते फक्त बावीस तास. तिने पिंपात उकळतं पाणी ओतून अळ्या मारल्या, आणि लिनप्येनला राहणाऱ्या धाकट्या भावाला, छोंग-रनला, फोन लावला. छोंग-रनकडे जिवंत मासे वाहून नेणारा ट्रक होता. शेततळ्यातले मोठाले हेकरू मासे तो दूरदूरच्या हॉटेलांपर्यंत जिवंत पोचवायचा, आणि त्यातल्या एकानेही वाटेत जीव सोडला तर दोन दिवस जेवायचा नाही. बायकोचा अबोला असला तरी त्याचं ताईशी बोलणं चालूच होतं, फक्त गुपचूप. दुपारी तो आला तो प्राणवायूची दोन नळकांडी, तळ्यात अंथरायचं जाड प्लास्टिक आणि ट्रकच्या टाक्यांत दीड हजार लिटर गाळलेलं समुद्राचं पाणी घेऊनच.

"ताई, झाकलं की विष आत जायचं नाही हे खरं. पण गुदमरून मरतील."

"म्हणून तर तुला बोलावलं. प्लास्टिकच्या आत प्राणवायू सोडायचा. आत हवा जास्त झाली की फटीफटीतून ती बाहेर पडत राहील. बाहेर पडणाऱ्या हवेच्या तोंडातून विष आत कसं शिरेल?"

छोंग-रनने क्षणभर विचार केला. "ट्रकमध्ये तीस वर्षं घालवली, मला नाही सुचलं हे. कारखान्यात वाया गेलीस तू."

दोघांनी मिळून हौद गुंडाळायला घेतला. वर प्लास्टिक, खालच्या कपाटाला प्लास्टिक, पंपांच्या तारा जिथून बाहेर येतात तिथे चिकटपट्टीचे पाच-पाच पदर. लुआन एकेका कडेवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, इथे परत लाव. छोंग-रनने परत लावलं. तिसऱ्यांदा परत लावायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माझी बायको तुझ्याशी बोलत नाही त्याचं कारण आज कळलं मला." पण लावलं. गुरुवारी सकाळी सातला नळकांड्याची चावी फिरवली तशी प्लास्टिक हळूहळू फुगून वर आलं. "आणखी थोडं सोड," छोंग-रन म्हणाला, "म्हणजे घरासकट उडत फंगहू बेटावर जाऊ. फेरीबोटीचे पैसे वाचतील."

आठला पांढरे अंगरखे घातलेली माणसं आली. गल्ली बाहेर येऊन स्टुलांवर बसली. कुणी वाफाळलेले पाव खात होतं, कुणी पंख्याने वारा घेत होतं. ओऊ काकू एकटीच भिंतीशी उभी होती. लुआन दारासमोर उभी राहून मनातल्या मनात एकेक सांधा परत तपासत होती: वरचं प्लास्टिक, कपाट, तारा, पंप, स्किमर...

स्किमर! पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळून त्यातली घाण फेसावर वर काढणारं ते यंत्र तिने मुद्दाम चालू ठेवलं होतं, कारण त्यानेही पाण्याला हवा मिळते. ते हवा ओढायचं ती एका बारीक नळीतून, आणि ती नळी सहा वर्षांपूर्वी तिनेच भिंतीतून मागच्या बोळात काढली होती. बंद घरातली हवा माणसांच्या श्वासांनी जड होते, पाण्याला बाहेरची ताजी हवा चांगली, म्हणून. फवारणी आत आहे, नळी बाहेर आहे, मग भीती कसली, असं तिने कालच स्वतःला बजावलं होतं. आणि मागच्या बोळात फवारणीचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आत्ताच तिच्या कानावर आला होता.

ती पळाली. सत्तावन्नाव्या वर्षी ती तशी पळेल असं गल्लीत कुणाला वाटलं नव्हतं. कोपरा वळून बोळात शिरली तेव्हा पांढऱ्या धुराचा लोट तिच्या घराच्या भिंतीपर्यंत आला होता. तिने तोंडावर बाही धरली, आत घुसली, चाचपडत नळी शोधली आणि मुठीत दुमडून गच्च आवळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फवारणीचं यंत्र थांबलं. अंगरख्यातला माणूस ओरडला, "ओ ताई! मरायचंय का तुम्हाला?"

"एक मिनिट," ती खोकत म्हणाली. केसांचं रबर काढून तिने दुमडलेल्या नळीला चार वेढे दिले. "हं. आता मारा."

धूर नळीपर्यंत आधी पोचला की तिचा हात, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

केस मोकळे, डोळे लाल अशी ती परत गल्लीत आली तेव्हा छोंग-रनने पाण्याची बाटली पुढे केली. ओऊ काकूला राहवलं नाही. "पाहिलंत? माशांसाठी विष प्यायला निघाली बाई! माणसांसाठी कधी एवढी धावली होती का?"

लुआनने तोंड धुतलं, बाटली भावाकडे दिली आणि काकूसमोर जाऊन उभी राहिली.

"काकू, तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं. हौदात नाही, पण माझ्या मागच्या पिंपात अळ्या होत्या. काल सापडल्या. तळमजल्यावर मोठे डासही होते. काकांना माझ्याच घरातला डास चावला असेल. माझी चूक झाली."

कुणीतरी स्टूल सरकवलं. थू प्रमुख आकाशाकडे बघू लागला. काकू आता शिव्यांची लाखोली वाहणार असं सगळ्यांना वाटलं, लुआनलाही. तिने त्यासाठी मान खाली घातली होती. पण काकूचा चेहरा पांढरा पडला. ती वळली आणि बस थांब्याच्या दिशेने चालू लागली. दवाखान्याची वेळ अजून दोन तासांवर होती.

लुआनला वाटलं, शिव्या बऱ्या होत्या.

तासाभराने दारं-खिडक्या उघडल्या. दोघा बहीणभावांनी जमीन, भिंती, प्लास्टिकची बाहेरची बाजू ओल्या फडक्यांनी तीन-तीनदा पुसली. दुपारी प्लास्टिक काढलं तेव्हा पहिला झिंगा आडवा पडून पाय झाडताना दिसला. म्हणजे थोडं आत गेलं होतं. लुआनने हाय खाल्ली नाही. तेवढा वेळच नव्हता. "ट्रकची नळी आण," ती म्हणाली. दीड हजार लिटर जुनं पाणी बाहेर, दीड हजार नवं आत. विष शोषून घ्यायला कोळशाच्या पिशव्या पाण्याच्या वाटेत लटकवल्या, चार तासांनी बदलल्या, परत बदलल्या. छोंग-रन रात्री लिनप्येनला जाऊन आणखी दीड हजार लिटर घेऊन आला आणि बायकोला काय सांगितलं ते त्याने सांगितलं नाही. नऊ झिंग्यांतले सहा गेले, खेकडे सगळे गेले. माशांतला एक गेला, तिचा सर्वांत जुना, चौदा वर्षांचा पिवळा. त्याला ओंजळीत घेऊन ती थोडा वेळ बसली आणि परत कोळसा बदलायला उठली. प्रवाळं मिटून दगडासारखी झाली होती. ती मेलीत की रुसलीत, हे दोन दिवस कळलं नाही.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास जांभळ्या प्रवाळाच्या कडेने बारीक केसाळ तोंडं एकेक करून बाहेर आली. लुआन काचेला नाक लावून उभी होती. जगलं होतं. तिला हसूही आलं आणि रडूही, आणि नेमकी त्याच वेळी दारात ओऊ काकू येऊन उभी राहिली. अकरा वर्षांत तिने या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

"म्हातारा शुद्धीवर आलाय," काकू म्हणाली. "काल भाताची पेज प्यायला. मीठ कमी आहे म्हणून नर्सशी भांडला."

"देवाची कृपा, काकू. बसा ना."

काकू बसली नाही. हौदाकडे बघत म्हणाली, "आमच्या पितरांच्या देव्हाऱ्यापाशी हिरव्या वेलीची फुलदाणी असते. पाण्यात वाढते ती. म्हातारा रोज संध्याकाळी तिथेच बसून उदबत्ती लावतो. फवारणीचा कागद लागला त्याच दिवशी मी बघितलं, त्यात अळ्या होत्या. मी ते पाणी मोरीत ओतलं, फुलदाणी घासली, आणि मग तुझ्या दारात येऊन ओरडले."

लुआनने काचेवरचा नाकाचा ठसा फडक्याने पुसला.

"गुरुवारी तू सगळ्यांसमोर सांगितलंस, तेव्हाच मला बोलायला हवं होतं. तोंड उघडलंच नाही माझं."

लुआनला राग आला. चांगलाच आला, कानशिलं तापली. चौदा वर्षांचा मासा तिच्या डोळ्यांसमोर आला. पण पिंपाच्या कडेला आपणही हात लावला होता, तो अर्धा मिनिटही तिला आठवत होता. हात काढला म्हणून ती मोठी साध्वी झाली नव्हती. विजेरी हातात होती म्हणून वाचली.

"काकांना सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही गं. धीर होत नाही. पन्नास वर्षांचा संसार, आणि मीच त्याला..." काकूचा आवाज फुटला. "तू चल ना माझ्याबरोबर. आपण दोघी मिळून सांगू. अर्धे डास तुझे, अर्धे माझे."

"वाटे घालायला ते काय मासळीबाजारातले ढीग आहेत?" लुआन म्हणाली. "माझं मी सांगेन, तुमचं तुम्ही सांगायचं. मी शेजारी उभी राहीन, पण तोंड तुमचं तुम्हीच उघडायचं."

काकूने मान डोलावली. लुआनने खारे हात फडक्याला पुसले, आज पहिल्यांदाच दुपारचं तापमान न बघता खोलीतला दिवा मालवला, आणि स्कूटर काढायला शेजारच्या घरात गेली, कारण तिची स्कूटर इतकी वर्षं उभी असायची ती ओऊ काकांच्याच तळमजल्यावर. काकू मागे बसली. दवाखान्याच्या अर्ध्या वाटेवर ती मागून म्हणाली, "सावकाश चालव गं," आणि पोचायची घाई लुआनलाही नव्हती; सिग्नल हिरवा झाला तरी तिने दोन क्षण गाडी हलवली नाही.